कोंबड्यांना काय घालतेस, सांग बघू

अगं, लेयर फीडच्या पोत्याचा भाव ऐकून तू घरीच खाद्य करायचं ठरवलंस, ते ठीक. पण कणी आणि उरलेला भात म्हणजे खाद्य नव्हे हो. त्यानं पोट भरतं, अंडी मात्र कमी होतात. मग आपण म्हणतो, खुडूक झाली वाटतं! खुडूक कसली, तिला प्रथिनंच पुरत नसतात.

अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात साधारण १६ ते १८ टक्के प्रथिनं हवीत. मक्यात असतात जेमतेम ९. उरलेली पेंडीतून आणि मासळीतून आणायची, आणि आपण कोकणातल्या, तेव्हा सुका जवळा आपल्याला काही परका नाही. १० किलोचं माप लिहून घे. मक्याचा भरडा साडेपाच किलो, सोयाबीनची पेंड दीड किलो, गव्हाचा कोंडा एक किलो, शेंगदाण्याची पेंड अर्धा आणि जवळ्याचं कूट अर्धा किलो. त्यात शिंपल्यांचा चुरा ८०० ग्रॅम, कोंबड्यांचं मिनरल मिक्स्चर २०० ग्रॅम आणि मीठ फक्त २० ग्रॅम. खारवलेली मासळी कधी घालू नकोस, तिच्यातलं मीठच कोंबडीला बाधतं. जवळाही हात सैल सोडून घालायचा नाही, नाहीतर अंड्यालाच मासळीचा वास येतो आणि घरातला शाकाहारी माणूस तुझ्या नावानं ओरडतो.

गिरणीवाल्याला सांग, भरडा काढ, पीठ नको. पीठ चोचीला चिकटतं, पाण्यात उतरतं, निम्मं वाया जातं. आणि मीठ, मिनरल मिक्स्चर थेट ढिगावर टाकू नकोस. आधी किलोभर भरड्यात नीट कालव आणि मग ते सगळ्यात मिसळ. नाहीतर एकीच्या वाट्याला नुसतं मीठ जायचं.

सोयाबीन घरचं आहे म्हणून कच्चं दळून घालशील, तर थांब. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारं द्रव्य असतं, ते उष्णतेनं मोडतं. म्हणून पेंडच घे, किंवा दाणे चांगले भाजून घे. सरकी पेंडीच्या वाटेला जाऊ नकोस, बलकाचा रंग बिघडतो. गोठ्यातलं गाईचं खाद्यही नको. जनावरांच्या काही खाद्यांत युरिया असतो. गाईला तो चालतो, कोंबडीला नाही.

माझी खरी धास्ती वेगळीच आहे, बुरशीची. आपल्याकडच्या पावसात मका आणि शेंगदाण्याची पेंड दमट झाली की त्यावर बुरशी धरते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की मेल्या, त्या बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीनं. त्यातूनच हे विष जगाला कळलं. बुरशी झटकून, उन्हात वाळवून ते जात नाही, शिजवूनही पुरतं जात नाही. कुबट वास आला की पेंड फेकून दे, पैशाकडे पाहू नकोस. म्हणून पावसाळ्यात १० किलोच कर. एक कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाते, तेव्हा १० कोंबड्यांना हे नऊ दिवस पुरतं.

शिंपल्यांचा थोडा चुरा वेगळ्या वाटीत संध्याकाळी ठेवत जा. कवच बनायला जवळजवळ २० तास लागतात आणि त्यातलं बरंच काम रात्री चालतं. कवच पातळ येत असेल तर आधी तिथे बघ. बाकी अंगणात मोकळ्या फिरणाऱ्यांना पाला, किडे, ऊन आपोआप मिळतं. कोंडून ठेवशील तर व्हिटॅमिनची पावडर वेगळी लागेल, आणि वाळूची खडीही, दळायला त्यांना दात नसतात ना!

नवं खाद्य एकदम सुरू करू नकोस, जुन्यात थोडं थोडं वाढवत आठवडाभरात बदल. आणि पिल्लांना हे मिश्रण अजिबात नाही. अंड्यावर यायच्या आधी एवढा चुना त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. पाच-सहा कोंबड्यांसाठी हा सगळा खटाटोप परवडतही नाही, दुकानातलं पोतं आण. घरचं खाद्य १०-१२ कोंबड्यांपासून पुढे, आणि पिल्लांचं मात्र नेहमी विकतचंच.