रवणीच्या अंड्यांचा पाठ

खुडूक कोंबडी रवणीस बसविणे ही आपल्या खेड्यांतील नित्याची गोष्ट आहे. बारा अंड्यांपैकी पाचांतूनच पिल्ले निघाली, म्हणजे घरची मंडळी मेघगर्जनेला किंवा कोणाच्या नजरेला बोल लावून मोकळी होतात आणि मुलेही तेच खरे मानतात. परिसर अभ्यासाच्या शिक्षकांनी मुलांकडून अशा एखाद्या रवणीची पहिल्या दिवसापासून नोंद ठेवविली, तर खरी कारणे त्यांच्याच ध्यानी येतील. मात्र त्या अंड्यांवर घरच्या बाईचे तेलामिठाचे पैसे अवलंबून असतात. तिच्या संमतीवाचून त्यांस हात लावू नये.

आठवड्याहून जुनी, तडकलेली वा मळलेली अंडी बसवू नयेत. प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलीने खूण करावी. दुसरी कोंबडी त्याच पाटीत अंडे घालून जाते. ते मागे पडते आणि पहिली पिल्ले निघताच आई त्यांना घेऊन उठते. बिनखुणेचे अंडे त्याच दिवशी काढावे.

सातव्या रात्री अंधाऱ्या खोलीत पुठ्ठ्याला भोक पाडून त्यावर अंडे धरावे व मागून विजेरीचा प्रकाश सोडावा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्या, तर आत जीव वाढत आहे असे समजावे. अंडे निर्मळ दिसले, तर बहुधा ते फलितच झालेले नाही. अशी अंडी पुष्कळ निघाल्यास कोंबड्याची उणीव आहे काय ते पाहावे. (दुकानातील अंड्यांतून पिल्ले का निघत नाहीत, हा मुलांचा ठरलेला प्रश्नही येथेच सुटतो.) नुसते तांबडे कडे दिसले, तर गर्भ धरून मेला. अंडी गारठणे हे त्याचे एक कारण होय. कोंबडी दाणापाण्यासाठी रोज पंधरा-वीस मिनिटे उठते, त्याने बिघडत नाही. परंतु उवांनी बेजार होऊन ती तासन्‌तास दूर राहिली, तर सुमारे १०० अंश फॅरनहाइटची आवश्यक ऊब तुटते.

अठराव्या दिवसानंतर अंडी हाताळू नयेत. उन्हाळ्यात कवचाखालचा पापुद्रा वाळून पिल्लास चिकटतो. म्हणून पाटीत पेंढ्याखाली ओलसर वाळू असावी.

एकविसाव्या दिवसाच्या सुमारास खरी कसोटी मुलांची असते. कवचास टोच पडते आणि मग कित्येक तास काहीच घडत नाही. कनवाळू मूल नखाने कवच सोलू लागते. त्यास वेळीच आवरावे. त्या अवधीत पापुद्र्यातील रक्त पिल्लाच्या अंगात परतत असते व उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. घाईने सोलल्यास रक्त वाहून पिल्लू दगावते. टोच पडल्यापासून बाहेर येण्यास चोवीस तासही लागतात. पुढे दोन दिवस ते त्याच बलकावर जगू शकते, म्हणून दाणा भरविण्याचीही घाई नको.

तेविसाव्या दिवशी उरलेली अंडी शिक्षकांनी स्वतः, घरापासून दूर फोडून पाहावीत, वहीत नोंद करावी, ती पुरून टाकावीत व साबणाने हात धुवावेत.