लक्ष आणि विक्षेप

मनुष्याजवळ जें धन आहे त्यांत लक्ष हें एक मोठें धन होय. पैका गेला तर तो पुन्हां मिळवितां येतो. परंतु जी घटका एका गोष्टीकडे पाहण्यांत गेली ती दुसरीकडे खर्चितां येत नाहीं. अमेरिकेंतील विद्वान हर्बर्ट सायमन यांनीं १९७१ सालींच असें दाखविलें कीं, माहिती जितकी वाढते तितकी लक्षाची टंचाई पडते. जें एका मनुष्याविषयीं खरें तें समाजाविषयींहि खरें आहे. समाजालाहि एका वेळीं थोड्याच गोष्टी पाहतां येतात. सबब त्यानें काय पाहावें हें जो ठरवितो त्याच्या हातीं मोठी सत्ता येते.

उदाहरण. २४ फेब्रुवारी २०१८ रोजीं चित्रपट अभिनेत्री श्रीदेवी यांचें दुबई येथें निधन झालें. मृत्यूची बातमी देणें योग्यच होतें. पण कित्येक वृत्तवाहिन्या पुढें अनेक दिवस तर्ककुतर्कच दाखवीत राहिल्या. त्यानंतर दहा दिवसांनीं, ६ मार्च रोजीं, किसान सभेच्या नेतृत्वाखालीं हजारों शेतकरी नाशिकहून पायीं मुंबईस निघाले. त्यांत सुरगाणा, पेठ, दिंडोरी या तालुक्यांतील आदिवासी स्त्रीपुरुष पुष्कळ होते. कसत असलेली वनजमीन २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये आपल्या नांवें व्हावी, ही त्यांची मुख्य मागणी होती. वाट सुमारें १८० किलोमीटरची व ऊन मार्चचें. पहिल्या दिवसांत देशांतील मोठ्या वाहिन्यांनीं त्यांची फारशी दखल घेतली नाहीं. मुंबई जवळ आली, फोड आलेल्या पायांचीं चित्रें पसरलीं, तेव्हां सर्वांचे डोळे तिकडे वळले. दहावीच्या परीक्षेस बसणाऱ्या मुलांची अडचण होऊं नये म्हणून हे लोक ११ तारखेच्या रात्रींच चालून आझाद मैदानावर गेले. मुंबईकरांनीं त्यांस अन्न, पाणी व चपला दिल्या आणि १२ मार्च रोजीं सरकारनें लेखी आश्वासन दिलें.

असें कां झालें? वृत्तवाहिनीचें उत्पन्न बहुतांशीं जाहिरातींवर चालतें, आणि जाहिरातदार पैसे देतो ते पाहणाऱ्यांच्या डोळ्यांबद्दल. म्हणून जें डोळ्यांस खिळवितें तें पुढें येतें. कचेरींत वर्षानुवर्षें पडून राहिलेल्या दाव्याच्या कागदाचें चित्र कोणासहि खिळवीत नाहीं. रक्ताळलेला पाय मात्र खिळवितो. मोबाइलवर येणाऱ्या चलच्चित्रांचाहि व्यवहार हाच आहे. येथें कोणी लबाडीच करावी लागते असें नाहीं. क्षुल्लक गोष्ट मोठी दिसली कीं महत्त्वाची गोष्ट आपोआप झांकली जाते.

आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. मिळालेलें लक्षहि टिकत नाहीं. फेब्रुवारी २०१९ मध्यें शेतकऱ्यांस नाशिकहून पुन्हां निघावें लागलें. मार्च २०२३ मध्यें दिंडोरीहून निघालेला मोर्चा ठाणें जिल्ह्यांत वाशिंदपर्यंत गेला, आणि त्या वेळींहि वनहक्काची मागणी होतीच. आश्वासनाचा दिवस सर्वांनीं पाहिला; परंतु मोजणी, नकाशा, दाखला हीं नंतरचीं कंटाळवाणीं कामें पाहण्यास फार थोडे उरले.

आतां दोष केवळ वाहिन्यांवर घालून आपण मोकळे होऊं नये. त्याच कायद्याप्रमाणें दाव्याचा आरंभ ग्रामसभेंत होतो. गांवची वनहक्क समिति जागेची पाहणी करिते, ग्रामसभा ठराव करिते, व मग कागद उपविभागीय आणि जिल्हा समितीकडे जातात. ठराव वाचला जात असतां निम्मे लोक खालीं मान घालून मोबाइल पाहत असले, तर कोणाचें नांव गळलें हें कोणास कळणार? मुंबईपर्यंत चालत जाऊन जें मागितलें तें अशा वेळीं गांवच्या पारावरच हरवतें.

यावर उपाय आहे काय? सांगली जिल्ह्यांत मोहित्यांचें वडगांव म्हणून एक गांव आहे. तेथील गांवकऱ्यांनीं ऑगस्ट २०२२ मध्यें असा नियम केला कीं, सायंकाळीं सात वाजतां देवळावरील भोंगा वाजावा व दीड तास घरोघरीं दूरदर्शनसंच आणि मोबाइल बंद राहावे. त्या वेळांत मुलांनीं अभ्यास करावा व मोठ्यांनीं वाचावें किंवा एकमेकांशीं बोलावें. ही गोष्ट एकट्या घरास कठीण जाते, कारण शेजारचा आवाज भिंतींतून येतो. सर्व गांवानें मिळून केली म्हणजे सोपी होते. यावरून दिसतें कीं, लक्षाचें रक्षण हें शेताच्या बांधासारखें सामाईक काम आहे.

तर वाचकहो, आपण तीन नियम धरावे. पहिला, जी बातमी ऐकली तिनें कोणती बातमी झांकली हें स्वतःस विचारावें. दुसरा, एक गोष्ट निवडून ती शेवटास जाईपर्यंत तिचा माग ठेवावा. वहींत तारीख, वार व दिलेला शब्द लिहावा. तिसरा, सभेंत बसतांना मोबाइल पिशवींत ठेवावा.

अभ्यासार्थ प्रश्न. (१) गेल्या आठवड्यांत आपल्या गांवीं सर्वांत अधिक बोलणें कशाविषयीं झालें? त्यानें कोणाचें भलें झालें? (२) मागील ग्रामसभेंत कोणते ठराव झाले, हें किती जणांस सांगतां येतें? (३) आपल्या गांवीं कोणाचा वनहक्काचा दावा अडकून राहिला आहे काय? तो आज कोणत्या समितीपुढें आहे, हें पुढील आठवड्यापर्यंत शोधून आणावें.