टाचेमागची शीर

बाबांच्या टाचेमागची शीर बोटभर जाड होती, दोन्ही पायांची. आये म्हणायची, "रापणीचो दोर ओढून ओढून झाली ती." दांडीच्या किनाऱ्यावर वाळूत टाचा रोवून जाळ्याचा दोर ओढणाऱ्याचं असं होत असेल, हे आम्हालाही पटायचं. शेजारी दोर धरणाऱ्या बाकीच्यांच्या टाचा मात्र आम्ही कधी बघितल्या नाहीत.

बाबा ४४व्या वर्षी गेले, काका ४८व्या. आमच्यातले पुरुष पन्नाशी बघत नाहीत म्हणून कौल लावला, गाऱ्हाणं घातलं. दोष घराण्यातच आहे, असं निघालं. आता वाटतं, कौल काही फारसा चुकला नव्हता.

४१व्या वर्षी एका शिबिरात माझं एलडीएल कोलेस्टेरॉल २६२ निघालं. गोळी सुरू झाली, तीन महिन्यांनी आकडा १३१. रिपोर्ट सुधारला, मग गोळी कशाला? सोडली. सुधारला होता तो गोळीमुळेच, हे डोक्यात आलं नाही. अंगाने मी काठीसारखा. जेवणात बांगडा, तारली, सोलकढी. कोलेस्टेरॉल म्हणजे जाड्या माणसांचं दुखणं, अशी पक्की समजूत.

दोन वर्षांनी एका पहाटे जबडा दुखायला लागला, मग दरदरून घाम. पित्त म्हणून दीड तास ओवा चघळत बसलो. तो दीड तास मला आजही परत हवा आहे. मग कुडाळ, सावंतवाडी, बांदा करत बांबोळीचं इस्पितळ.

स्टेंट बसल्यावर दुसऱ्या दिवशी एका तरुण डॉक्टरने पायाकडची चादर वर केली आणि टाचेमागची शीर चिमटीत धरली. "वडिलांची अशीच होती का?" मी नुसता बघत राहिलो. ते कोलेस्टेरॉल होतं, शिरेत साठलेलं.

या आजाराचं नाव फॅमिलिअल हायपरकोलेस्टेरोलेमिया. साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला असतो. यकृताच्या पेशींवर रक्तातलं एलडीएल ओढून घेणारे रिसेप्टर असतात. ते शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल मिळालं. या रिसेप्टरच्या जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. माझी बापाकडची बिघडलेली. रापणीला दोन दोर असतात. एकावर माणसंच नसतील तर जाळं येणार कसं? माझं एलडीएल जन्मापासून असं निम्म्या हातांनी ओढलं जात होतं. उरलेलं रक्तवाहिन्यांत बसत गेलं. यात बारीक असण्याचा काही उपयोग नाही. तसाही आपला बारीकपणा फसवा: पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३, पण अंगातली चरबी युडकिनची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२.

तेव्हा घरात कुणा पुरुषाला ५५च्या आत किंवा बाईला ६५च्या आत हृदयविकार झाला असेल, तर लिपिड प्रोफाइल करून घ्या. एलडीएल १९० किंवा त्यावर आलं तर 'पथ्य पाळतो' म्हणून घरी बसू नका; पथ्य हवंच, पण या आजारात ते एकटं पुरत नाही. टाचा आणि बोटांची पेरं चाचपा. पंचेचाळिशीच्या आत बुबुळाभोवती पांढुरकी कडा दिसली तरी डॉक्टरांना दाखवा. लिपोप्रोटीन-ए नावाची आणखी एक तपासणी आयुष्यात एकदा करावी. तेही बहुतांशी वारशानेच ठरतं. गोळी आपल्या मनाने सोडायची नाही. मूल होऊ द्यायचं असेल तर मात्र बायकांनी आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

आणि एकाचं निघालं की भावंडांची, मुलांची तपासणी लगेच. प्रत्येक अपत्याला शक्यता निम्मी. माझी बहीण "बायकांक खंय काय होता" म्हणत वर्षभर टाळत होती. तिचं २४१ आलं. माझी मुलगी सुटली. तेरा वर्षांच्या मुलाचं २१४.

सुट्टीत तो रापणीवर जातो. परवा परत आला तेव्हा पायाची वाळू धुता धुता मी त्याची टाच चाचपली. शीर अजून बारीक आहे. "बाबा, गुदगुल्या होतात," म्हणून त्याने पाय ओढून घेतला.