डोळ्यांनी पाहिले ते सारे खरे काय?

आष्ट्याच्या शिवारात रात्री उसाला पाणी पाजायला आपण निघतो. बांधावर काहीतरी आडवे दिसते. "साप!" छातीत धस्स होते. बॅटरीचा उजेड पाडावा, तर तुटके दावे!

मग साप कोणी दाखवला? डोळ्यांनी लांबट, वळलेले असे काहीतरी दाखवले. बाकीचा साप मनातल्या भीतीने पुरा केला. ज्ञानेश्वरी सन १२९० ची. दोरीवर साप भासतो, हा दाखला तिच्यातही आहे.

हाताचेही असेच. एक हात सोसेल इतक्या गरम पाण्यात ठेवा, दुसरा गार पाण्यात. थोड्या वेळाने दोन्ही हात कोमट पाण्यात घाला. एक हात म्हणेल, पाणी गार आहे. दुसरा म्हणेल, गरम आहे. पाणी तर एकच! म्हणून ताप मोजायला थर्मामीटर लागतो.

कधी उलटे घडते. धोका असतो, पण दिसत नाही. मण्यार रात्री हिंडते. भुईवर झोपलेल्या माणसाला चावते. पुष्कळदा दुखत नाही, सूज येत नाही, दातांची खूणही सापडत नाही. घरचे म्हणतात, "काही दिसत नाही, झोप." पण विष आत काम करीत असते. काही तासांनी पोट दुखते, पापण्या उघडत नाहीत, बोलणे अडखळते. शेवटी श्वास बंद पडतो.

कोणी म्हणेल, "मंत्राने विष उतरलेले आम्ही डोळ्यांनी पाहिले." तो खोटे बोलत नाही. माणूस बरा झालेला त्याने पाहिलाच. पण पुष्कळ साप बिनविषारी असतात. विषारी साप चावला, तरी कधीकधी विष अंगात जात नाही. हे डोळ्यांना कसे दिसावे? तो माणूस मंत्राविनाही वाचलाच असता. ज्याच्या अंगात विष गेले, त्याला मंत्र वाचवीत नाही.

तेव्हा संशय आला, की चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नये. जखम कापू नये, आवळून बांधू नये. तडक सरकारी दवाखाना गाठावा. विषावरची लस तेथे टोचतात.

डोळे आपले वैरी नव्हेत. पण त्यांची साक्ष अपुरी असते. ती उजेडात तपासावी, मोजून पाहावी, जाणत्याला विचारावी. मगच खरे मानावे.

प्रश्न
१. दाव्याचा साप कसा झाला?
२. मण्यार चावल्याची खूण दिसली नाही, तर काय करावे?
३. तुमच्या डोळ्यांना फसवणारी एखादी गोष्ट लिहा.