साथीला कॉम्प्युटर हवा

परवा फोनवर तू म्हणालीस, "मामा, दुकानदार म्हणतोय गेमिंगचा लॅपटॉप घ्या ताई, गाणं काय, सिनेमा बनवाल त्यावर." तेव्हा मी नुसतं हं हं केलं. मागे तुझ्या आईचा कुकर शिट्ट्या देत होता आणि हा विषय शिट्ट्यांच्या मधल्या जागेत बसणारा नव्हता. म्हणून सविस्तर लिहितोय. दुकानात जाण्याआधी वाच, नंतर वाचून उपयोग नाही.

साथीला तबलजी ठरवताना आपण काय बघतो ते आठव. त्याचे कायदे-रेले किती द्रुतात जातात हे कोणी विचारत नाही. तू विलंबित एकताल धरून बसलीस की त्याचा ठेका अर्धा तास जागचा हलता कामा नये, एवढंच बघतो. रेकॉर्डिंगच्या कॉम्प्युटरकडूनही नेमकं हेच हवं असतं, आणि दुकानात मात्र सगळे तुला रेलेच ऐकवतात.

आत काय चालतं ते सांगतो. तुझा आवाज कॉम्प्युटर सलग घेत नाही. सेकंदाला ४८,००० नमुने घेतो आणि त्यांचे छोटे गठ्ठे बांधतो. या गठ्ठ्याला बफर म्हणतात. १२८ नमुन्यांचा बफर ठेवलास तर एक गठ्ठा पावणेतीन मिलिसेकंदांचा होतो. तेवढ्यात हातातलं काम उरकून पुढचा उचलायचा, सेकंदाला ३७५ वेळा. तासाभराच्या रागात साडेतेरा लाख वेळा. त्यातला एकच गठ्ठा वेळेवर उचलला नाही की तुझ्या मींडेच्या बरोबर मधोमध 'टक्' असा आवाज बसतो, आणि तो नंतर पुसायला मी दोन-दोन तास घालवलेले आहेत. दुकानातल्या पाटीवरचे आकडे कॉम्प्युटर एरवी किती जोरात पळतो ते सांगतात. आपल्याला जाणून घ्यायचं असतं ते त्याच्या सगळ्यात वाईट क्षणाबद्दल.

हा वाईट क्षण बहुतेक वेळा प्रोसेसर अशक्त असल्यामुळे येत नाही. आतलंच दुसरं कोणीतरी मध्ये बोलतं: वायफायचा ड्रायव्हर, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, अँटीव्हायरस, पाठीमागून गुपचूप उतरणारं अपडेट. गेल्या दिवाळीत आमच्या गल्लीतल्या एका पोराने नवाकोरा, महागडा लॅपटॉप आणला आणि सतारीच्या प्रत्येक टेकमध्ये टकटक. बिचारा माइकची वायर बदलून बदलून थकला. मी वायफाय बंद करायला सांगितलं. टकटक गेली. तेव्हापासून तो मला मोठा इंजिनियर समजतो. समजू दे.

विंडोजवर हे आधीच तपासता येतं. लेटन्सीमॉन नावाचा एक प्रोग्राम आहे, घरगुती वापराला फुकट. तो लावून मशीन पंधरा मिनिटं नुसतं चालू ठेवायचं. आतला कोण किती वेळ वाट अडवून बसतो, ते तो नावानिशी दाखवतो. एकदा वायफाय चालू ठेवून बघ, एकदा बंद करून. चार्जर लावून बघ आणि काढूनही बघ, कारण बॅटरीवर गेला की लॅपटॉप वीज वाचवायला अंग चोरतो. दुकानदार कुरकुरेल. कुरकुरू दे. मिरजेत तानपुरा घेताना आपण सतारमेकराच्या दुकानात तासभर मांडी घालून तारा छेडत बसतो, तेव्हा तो चहा मागवतो.

पण आधी एक प्रश्न. नवा हवाच आहे का? तुझं रेकॉर्डिंग म्हणजे तुझा आवाज, हार्मोनियम, तबल्याला दोन माइक. चार ट्रॅक झाले. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला एका माइकचा एक तास अर्ध्या जीबीच्या आसपास होतो. चारांचे दोन जीबी. लग्नाच्या व्हिडिओला याहून जास्त जागा लागते! एवढं काम सात-आठ वर्षांपूर्वीचा बरा लॅपटॉपही करतो. तुझ्या दादाचा तो ऑफिसचा जुना लॅपटॉप कपाटात पडलाय ना, तो आधी काढ. त्यात साधी फिरती हार्डडिस्क असेल तर काढून एसएसडी बसव, धूळ झाडून घे, नको ते प्रोग्राम उडव आणि महिनाभर गाऊन बघ. आवाज टिपायला रीपर घे. साठ दिवस वापरून बघता येतं, नंतर विकत घ्यावं लागतं, पण किंमत माफक आहे आणि जुन्या मशीनवरही ते हलकं चालतं. चोरीची सॉफ्टवेअर मात्र घरात आणू नकोस. नीतिमत्तेचं भाषण देत नाही, त्यांच्याबरोबर काय काय आत शिरतं ते निस्तरताना माझं एक मशीन गेलंय.

आता मागे पडणाऱ्या आवाजाबद्दल, कारण याच भीतीपोटी लोक नको तितकं मोठं मशीन घेतात. माइकमधून आत जाऊन हेडफोनमधून परत येईपर्यंत तुझाच आवाज थोडा उशिरा ऐकू येतो. दहा मिलिसेकंदांत हवेतून आवाज साधारण अकरा फूट जातो. म्हणजे तेवढा उशीर झाला तर तू स्वतःपासून अकरा फुटांवर बसून गातेस असं समज. सभागृहात तबलजी पाच-सहा फुटांवर असतोच, त्यामुळे थोडंफार चालतं. पंचवीस मिलिसेकंदांना मात्र ताना घसरायला लागतात. यावर दोन उपाय. बफर लहान ठेवायचा, त्याला दमदार मशीन लागतं. किंवा इंटरफेसवर, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीवर, 'डायरेक्ट मॉनिटर'चं बटण असतं ते दाबायचं, म्हणजे तुझा आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट कानात येतो. गाणारीला दुसरा पुरतो. मग बफर ५१२ वर ठेवून जुन्या लॅपटॉपलाही श्वास घेऊ दे.

इंटरफेसचा ड्रायव्हर मात्र त्याच कंपनीचा स्वतःचा असावा. विंडोजवर एसिओ नावाची पद्धत लागते, स्टाइनबर्गने १९९७ साली आणलेली. ज्या स्वस्त इंटरफेसला स्वतःचा एसिओ ड्रायव्हर नाही, त्याच्यासाठी लोक जोडतोड करतात. चालतं, पण नड म्हणून. मॅकला ही कटकट नाही, ती सोय त्यात मुळातच असते. आणि इंटरफेसची वायर थेट लॅपटॉपच्या तोंडात जाऊ दे. माउस, पेनड्राइव्ह, प्रिंटर सगळ्यांना खुशाल हबवर कोंब.

समज, जुना चाललाच नाही. किंवा तू उद्या व्हायोलिनांचे ताफे, पियानो, असं सगळं कॉम्प्युटरमधून वाजवून अभंगांना संगीत द्यायला लागलीस. ती वाद्यं म्हणजे खऱ्या वाद्यांचे तुकड्या-तुकड्याने रेकॉर्ड केलेले ढीग असतात, आणि ते रॅममध्ये उतरवून ठेवावे लागतात. तिथे १६ जीबीच्या खाली जाऊ नकोस. आतली डिस्क एसएसडीच, ५१२ जीबी तरी. प्रोसेसर मधल्या फळीतला, आय-फाइव्ह किंवा रायझन फाइव्ह, पण अलीकडचा. एका ट्रॅकवर आवाजाला संस्कार करणारे छोटे प्रोग्राम, म्हणजे प्लगइन, एकामागोमाग एक लावलेस तर ती रांग बहुतेक एकाच कोअरला ओढावी लागते. म्हणून कोअर किती यापेक्षा एकेक कोअर किती ताकदीचा, ते विचार. ग्राफिक्स कार्डावर पैसे घालू नकोस. गेमिंगच्या मशीनमध्ये त्याचेच बरेचसे पैसे असतात, आणि त्याला थंड ठेवायला जो पंखा सुटतो तो तुझ्या कंडेन्सर माइकला खर्जासारखा स्वच्छ ऐकू जातो.

मॅकचं विचारशील. माझं मत असं की बजेट असेल तर २०२० नंतरचा, अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपचा घे, एम-वन असला तरी चालेल. त्यातल्या मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही. डोंबिवलीच्या तुमच्या खोलीत लोकलचा आवाज येतोच, त्यात आणखी पंखा नको. पण त्याची रॅम नंतर वाढवता येत नाही, जी घेशील ती जन्माची. एक माणूस आठ जीबीचा घेऊन माझ्याकडे रॅम टाकायला आला होता. त्याला चहा पाजून परत पाठवला.

पैसे कमी असतील तर लॅमिंग्टन रोडला जा. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी आपले लॅपटॉप बदलतात. थिंकपॅड, लॅटिट्यूड अशी ती राकट ऑफिसची जात असते, आणि रिफर्बिश्ड म्हणून चांगल्या भावात मिळते. दिसायला अगदीच रुक्ष, पण पाठ उघडता येते, रॅम बऱ्याचदा वाढवता येते, सुटे भाग मिळतात. तिथे एकच गोम बघ. विंडोज १० ची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. 'आय-फाइव्ह'च्या पुढचा आकडा वाच. आठ हजारांपासून पुढचा असेल तर बोलणं पुढे ने. सात हजारांतला किंवा सहा हजारांतला असेल तर कितीही गोड बोलला तरी ऊठ. नुसतं 'आय-सेव्हन आहे ताई' याला काही अर्थ नाही, दहा वर्षांपूर्वीही आय-सेव्हन होतेच. बॅटरी बहुधा मेलेली असते, नव्या बॅटरीचे पैसे धरूनच भाव कर.

डेस्कटॉप त्याच पैशात जास्त काम देतो, हे खरं. तरी मी लॅपटॉपच सांगेन, आणि त्याचं कारण आपली लाइट. ऐन समेवर गेली तर डेस्कटॉप तिथेच बसतो, यूपीएस असला तर काही मिनिटांची उसंत. लॅपटॉपच्या पोटातच यूपीएस आहे.

शिवाय घरघर. वीज आपल्याकडे ५० हर्ट्झची. अर्थिंग नीट नसलं की ती माइकच्या वायरीत शिरते, तिचे वरचे स्वरही घेऊन, आणि हे ५० म्हणजे पांढरी पाचच्या खर्जाशेजारी, किंचित चढं. गाणारा काळी एकने गाऊ दे नाहीतर काळी चारने, वीज आपली चढी पांढरी पाच धरून बसते! लॅपटॉपच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का बघ. येत असतील तर टेकच्या वेळी चार्जर काढून टाक, अर्धी घरघर तिथेच जाते. इंटरफेस, स्पीकर, चार्जर सगळं एकाच बोर्डावर लाव. कोणी सांगेल, प्लगचा तिसरा जाड पाय तोडून टाका, घरघर जाते. जाते, आणि एखाद्या दिवशी माणूसही जातो. इलेक्ट्रिशियन बोलावून घराचं अर्थिंग तपासून घे, ते कुठल्याही प्रोसेसरपेक्षा स्वस्त पडेल.

आपली बैठक भारतीय, त्याचाही एक धोका. लॅपटॉप गादीवर ठेवू नकोस. खालच्या जाळ्या बुजतात, मशीन तापतं, आणि तापलं की स्वतःहून वेग उतरवतं. आमच्याकडे मे महिन्यात, खिडक्या बंद आणि छताचा पंखा बंद करून टेक घेताना, हे नेहमी घडायचं. पहिले दोन अंतरे सुरळीत, तिसऱ्याला टकटक. लाकडी चौरंगावर ठेव, माइकच्या पाठीमागे, निदान पाच-सहा फूट.

आता जे मी सहसा सांगत नाही ते. एका म्हाताऱ्या कीर्तनकारबुवांचं रेकॉर्डिंग माझ्याकडे झालं होतं, साडेतीन तास, दोन बैठकींत. एकाच डिस्कवर. मिक्सिंग पुढच्या आठवड्यात करू म्हटलं. डिस्कने त्याआधीच मान टाकली. दुरुस्तीवाल्याने पैसे घेतले, हाती काही आलं नाही. बुवांना पुन्हा गायला बोलवायला मला तोंड नव्हतं, आणि वर्षभरात ते गेलेच. त्या दिवसापासून टेक संपला की तानपुऱ्याला गवसणी घालण्याआधी मी फाइलची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतो. तिसरी प्रत घराबाहेर, कोणाकडे तरी किंवा क्लाउडवर. तूही गवसणी नंतर घाल. फक्त क्लाउडवाला प्रोग्राम टेकच्या वेळी चालू ठेवू नकोस, तोही मध्ये बोलणाऱ्यांतलाच.

आणि काम चालू असताना कुठलंही मोठं अपडेट घेऊ नकोस. सिस्टिमची नवी आवृत्ती आली की इंटरफेसवाली कंपनी 'चालतं' म्हणेपर्यंत थांब. माझा फायरवायरचा आठ चॅनेलचा इंटरफेस एके काळी माझा अभिमान होता. त्याला जोडायला पोर्ट असलेला लॅपटॉपच आता मिळत नाही. हल्ली त्यावर मी पाण्याचा तांब्या ठेवतो. तू साधा यूएसबीचा घे.

जो काही घेशील, बिलावर परत घ्यायची मुदत लिहून घे, आणि त्या मुदतीतला एक रविवार मिरजेसाठी राखून ठेव. इथे तानपुरा लावून आपण तासभर सलग रेकॉर्ड करू, वायफाय बंद, पंखा बंद. मग हेडफोन लावून अख्खा तास ऐकू. टक् आलं नाही तर ठेव. आलं तर त्याच डब्यात परत. येताना तुझ्या आईकडून माझा हार्मोनियमचा जुना स्क्रूड्रायव्हर आण, तिने कुकरच्या दांड्याला म्हणून नेलाय तो दोन वर्षं झाली.