रिकामा दिवस

हस्ताचा पाऊस पडून गेला. रान ओलं आहे. वाफसा आल्याशिवाय पाभर चालत नाही. मूठभर माती दाबून बघा. चिखलागत बोटाला चिकटली तर आज ज्वारीची पेरणी नाही. आश्विनात निमोण्याच्या गड्याला असा एखादा दिवस फुकट मिळतो.

मग घोड नदीकडे चला. ऊन कसं धुतल्यासारखं पडलं आहे! काठावर शेपटी हलवीत धोबी पक्षी फिरतो. हा पाहुणा थंडीपुरता हिमालयाकडून येतो आणि उन्हाळ्याआधी परत जातो. त्याला ना तिकीट, ना सामान.

याच नदीकाठी इनामगाव आहे. तिथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजाने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची घरं निघाली, चुली निघाल्या. ती माणसंही शेतकरीच. सातू पिकवीत. पाऊस उघडल्यावर तीही या काठावर अशीच टेकली असतील.

आता घरी बघा. कारभारणीला आज सुट्टी आहे का? बाजरी पाखडणं, पाणी, सरपण चालूच आहे. दोन हंडे तुम्ही आणा. म्हणजे सांजच्याला तीही ओट्यावर येऊन बसेल. कोजागिरी परवावर आली आहे, चांदणं आजच अंगणभर पडतं.