आत्यानं सांगितलं ते आत्याचं

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी रेकॉर्ड करून ठेवायच्या, असं हल्ली बरेच जण मनावर घेतात. घ्यायलाच हवं. पण प्रश्नांची यादी करण्याआधी एक गोष्ट ठरवा: हे ऐकणार कोण? ते ठरवण्याचा हक्क सांगणाऱ्या माणसालाच द्या. आमच्या घरात हे ठरलेलं नव्हतं आणि त्याचा त्रास माझ्या आत्याला झाला.

आमचं गाव पाटण तालुक्यात. आजोबांच्या पिढीपासून घरातले पुरुष मुंबईला गिरणीत आणि बाया गावाकडं शेतीत. त्यामुळे गावाकडच्या घराचा सगळा इतिहास आत्याच्याच तोंडी होता. मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि ती मोकळेपणानं बोलली. कोयनेचा भूकंप, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बाया, तिथं मिळणारी सुकडी, ब्याऐंशीच्या संपात मुंबईहून हात हलवत परतलेली माणसं, असं एकातून एक निघत गेलं. बोलता बोलता ती वडिलांच्या मिळकतीच्या हक्कसोडपत्रावर आली. "बापू गेल्यावर भावानं तालुक्याला नेलं. सही कर म्हणाला, केली म्या. येताना चोळीचा खण दिला." एवढंच बोलून तिनं विषय बदलला.

रेकॉर्डिंगची एक प्रत मी घरच्यांकडे ठेवायला दिली. एका चुलत बहिणीनं कौतुकानं त्यातला नेमका तेवढाच तुकडा काढून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. तिचा हेतू वाईट नव्हता. पण वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि केंद्रानं २००५ मध्ये दिला. तेव्हापासून जुन्या हक्कसोडपत्राचा नुसता उल्लेख झाला तरी कान टवकारले जातात. आत्या आता हिस्सा मागणार, असा अर्थ निघाला. त्या भाऊबीजेला तिला न्यायला कुणी गेलं नाही. ती मला म्हणाली, "म्या हिस्सा मागितला व्हय? तू इचारलंस, म्या सांगितलं." नंतर बरेच दिवस ती जुनं काही बोलायलाच तयार नव्हती.

म्हणून परवानगी एकदाच आणि मोघम घेऊ नका. "रेकॉर्ड करू का?" हा एक प्रश्न झाला. "हे मुलांना ऐकवू का? सगळ्या भावकीला? छापू का?" हे वेगळे प्रश्न आहेत आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं असू शकतं. बैठक संपल्यावर ते पुन्हा विचारा, कारण आपण काय काय बोलून गेलो हे माणसाला तेव्हाच कळतं. जमीन, वाटणी, मोडलेलं लग्न, दत्तक, कर्ज, दारू यांबद्दलचं बोलणं वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल सांगणाऱ्याच्या परवानगीशिवाय कुणाला देऊ नका.

खोलीत कोण बसलंय याकडे लक्ष ठेवा. नवरा शेजारी असला की बाई दोन शब्द बोलते आणि उरलेलं तो सांगतो. थोरल्या दिरासमोर वहिनी गप्प राहते. प्रत्येकाबरोबर वेगळं बसा. दुपारची जेवणं आटोपल्यावर, पंखा आणि टीव्ही बंद करून बसा आणि तासाभराच्या आत उठा. थकलेला माणूस "हो, हो" म्हणायला लागतो, आणि ते "हो" पुढे घराचा इतिहास म्हणून राहतं. सुरुवातीलाच तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव फोनमध्ये बोलून घ्या. मूळ फाइलच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या जागी ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेली प्रत जपण्याच्या कामाची नाही.

"तुमच्या काळी कसं होतं?" असं विचारलंत तर "लई हाल काढले" एवढंच उत्तर येईल. पाणी कुठून आणायचात, पहाटे दळायला कोण उठायचं, बाळंतपणाला सुईण कोण होती, मुंबईची मनीऑर्डर आली की पैसे कुणाच्या हातात जायचे, असं विचारा. आणि वस्तू पुढ्यात ठेवा. आत्याकडं एक पितळी तपेलं आहे. तिनं ते उजेडात तिरपं धरलं, पदरानं काठ पुसला आणि ठिपक्याठिपक्यांनी कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत वाचू लागली: चि. सौ. कां., पुढं तिचं नाव, मग "मामाकडून भेट" आणि लग्नाची तारीख. ते नाव तिच्या नातवंडांनी कधीच ऐकलं नव्हतं. लग्नात ते बदललं होतं. तपेल्यावरून मामाचं गाव निघालं, आणि मामाच्या गावावरून तिच्या आईचं माहेर.

आईकडचा हा धागा मुद्दाम धरायला हवा. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराण्यांच्या पिढ्या लिहिलेल्या सापडतात. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी घरोघर जाऊन वंशावळ वाचून दाखवतात. मोठं धन आहे ते. पण तिथं मुख्यतः बाप, आजोबा, पणजोबा अशी पुरुषांची ओळ चालते. आजीचं माहेरचं नाव, तिच्या बहिणी कुठं दिल्या, हे सांगणारी माणसं घरातच असतात. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायांकडून लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, आणि ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गावही नोंदवलं. घरच्या आठवणींनाही हाच नियम लावा. कुणी सांगितलं हे लिहिलेलं नसेल, तर ती आठवण पुढच्या पिढीत घरातल्या सर्वांत मोठ्या आवाजाच्या माणसाची होते.

तारखांसाठी अडून बसू नका. "कोणतं साल?" असं विचारलं की माणूस बावरतो. "भूकंपाच्या आधी की नंतर?" विचारलं की लगेच सांगतो. आत्या म्हणाली, "भूकंप झाला तवा थोरला पोटात व्हता." कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. म्हणजे थोरल्याचा जन्म त्यानंतरचा, बहुतेक १९६८ चा. शाळेच्या दाखल्यावर मात्र १ जून १९६७ आहे. त्या पिढीत अशी १ जूनवाली माणसं गावोगाव भेटतात, कारण पहिलीत नाव घालताना वय बसावं म्हणून गुरुजीच ती तारीख टाकत. इथं दाखल्यापेक्षा आत्याचं म्हणणं जास्त खरं. दाखला, फेरफार, जन्म-मृत्यूची नोंद असलेलं कोतवाल बुक हे सगळं जरूर पाहा. जुने कागद मोडीत असतील तर जाणकाराकडून वाचून घ्या. पण ते घेऊन सांगणाऱ्याची उलटतपासणी करू नका. दोघांचं म्हणणं जुळलं नाही, तर दोन्ही लिहून ठेवा.

लिहून काढताना सांगणाऱ्या बाईची भाषा "शुद्ध" करू नका. "व्हता", "म्या", "इचारलंस" हे सगळं तसंच राहू द्या. पाटणची बाई पुण्याच्या भाषेत बोलायला लागली की तिच्या नातवंडांनाही ती ओळखू येणार नाही.

आणि शेवटी, लिहिलेलं सगळं तिला वाचून दाखवा आणि नको ते खोडायची मुभा द्या. आत्या पुन्हा बोलायला लागली ती याच बोलीवर. पुढच्या बैठकांना फोन नव्हता, फक्त वही होती. मी वाचायचं आणि तिनं "हे ऱ्हाऊ दे", "हे काढ" म्हणायचं. चोळीच्या खणाची ओळ ती काढायला लावेल असं मला वाटलं होतं. तिनं ती ठेवली, फक्त भावाचं नाव काढायला लावलं. काय खोडायचं ते आपल्या हातात आहे, हे कळल्यावर तिनं खोडलं थोडंच. आधी कधी न सांगितलेलं मात्र पुष्कळ सांगितलं. तुमच्या घरातली अशी बाई ऐंशीच्या पुढं असेल तर पुढच्या सुट्टीची वाट पाहू नका. या रविवारीच वही घेऊन जा.